मेंटॉर फुकट येतात तर पैसे कशाला लागतात? आष्टीच्या सरांना जरा लांबलचक उत्तर

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात तुमची छोटी संस्था, २०१७ ला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. आठवी ते दहावीच्या ऊसतोड कुटुंबातल्या पोरांसाठी तुम्हाला मेंटॉरिंग सुरू करायचंय, म्हणजे दोन-तीन पोरांमागे एक दादा किंवा ताई, जे त्याच वाड्या-वस्त्यांवरून शिकून पुढं गेलेत आणि आता कॉलेजात आहेत किंवा नुकतेच नोकरीला लागलेत. १२ लाखांचा प्रस्ताव दोन कंपन्यांना पाठवला, एकीकडून उत्तरच नाही आणि दुसरीकडून "मेंटॉर तर स्वयंसेवक आहेत, मग एवढा निधी कशासाठी?" असं विचारून विषय बंद. आता पुढं अर्ज कुठं करायचा, लिहायचा कसा, आणि एक माणूस १० टक्क्यांवर फंड आणून देतो म्हणतोय त्याला हो म्हणायचं का, असे तुमचे प्रश्न.

मी शिक्षणातल्या संस्थांचे प्रस्ताव बरीच वर्षं लिहितेय, आणि मधे काही वर्षं एका कंपनीच्या फाउंडेशनमध्ये बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव चाळायचं कामही केलंय. त्यामुळं दोन्हीकडचं सांगते.

तुम्हाला विचारलेला तो प्रश्न लागला असणार, पण प्रश्न बरोबर होता, फक्त तुमच्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. तुम्ही दिलेलं बजेट बघा ना, टॅब ५ लाख, दप्तर-वह्या किट २ लाख, उद्घाटन आणि दोन मेळावे दीड लाख, छपाई-बॅनर, प्रवास वगैरे, आणि समन्वयकाचा पगार? शून्य. खाली तुम्ही अभिमानानं लिहिलंय की 'संस्थेचे सर्व पदाधिकारी विनामानधन काम करतील'. सर, हे वाक्य आपल्या पिढीला भूषण वाटतं, पण समोरचा माणूस ते वाचून घाबरतो. त्याला दिसतं की पैसे वस्तूंवर जाणार आणि ज्या कामासाठी पैसे मागताय ते काम कोण करणार हे कुणाच्याच गळ्यात नाही.

मेंटॉर फुकट येतो हे खरंय, पण तो टिकत नाही फुकट. पहिले दोन महिने सगळे उत्साहात असतात, मग कॉलेजची परीक्षा येते, कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणाचं पोरगं फोनच उचलत नाही म्हणून त्याचा मूड जातो, कुणाला पोरीनं घरातलं काहीतरी असं सांगितलेलं असतं की त्याला झोप येत नाही आणि ते कुणाला सांगावं हे कळत नाही. अशा वेळी मेंटॉरला फोन करणारं, "काय रे, या आठवड्यात बोलला का" विचारणारं, गरज पडली तर पोराच्या घरी जाऊन येणारं एक पूर्णवेळ माणूस लागतं. पैसे त्याच्यासाठी मागायचे. सगळ्या उत्तरातलं एवढं जरी घेतलं तरी तुमचा प्रस्ताव निम्मा सुधारतो.

आणि हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स म्हणून फार जुनी मेंटॉरिंग संस्था आहे, तिच्या मुलांच्या माहितीवर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी २००२ साली अभ्यास छापला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला, आणि ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा खाली गेला. म्हणजे अर्धवट मेंटॉरिंग हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. आपल्या पोरांच्या बाबतीत तर हे जास्तच, आधीच घरचे सहा महिने लांब, त्यात अजून एक दादा आला आणि दिवाळीनंतर गायब झाला. ही गोष्ट प्रस्तावात दोन ओळींत लिहा आणि लगेच खाली लिहा की म्हणून आम्ही समन्वयकाचा पगार मागतोय आणि म्हणून आम्हाला एक वर्षाचा नाही तर तीन वर्षांचा निधी हवाय.

आता बजेट नव्यानं कसं दिसेल ते मांडते, तुमच्याच ६० पोरं आणि २० मेंटॉर या हिशोबानं. एक पूर्णवेळ समन्वयक २२ हजारांनी, वर्षाचे २ लाख ६४ हजार. दोन अर्धवेळ कार्यकर्त्या, शक्यतो त्याच गावांतल्या, १० हजारांनी, २ लाख ४० हजार. मेंटॉरचा एसटी-पेट्रोलचा खर्च महिना ६०० धरून १० महिने, १ लाख २० हजार. मोबाइल रिचार्ज माणशी ३०० धरून १२ महिने, ७२ हजार (हसू नका, हंगामात पोरं कोल्हापूर-सांगली नाहीतर कर्नाटकात असताना हाच तुमचा वर्ग असतो). मेंटॉरची तीन निवासी शिबिरं ७५ हजार, समुपदेशक महिन्यातून एकदा, १० फेऱ्या ४ हजारांनी, ४० हजार. पोरांचे चार मेळावे ३६ हजार. परीक्षा फॉर्म, १७ नंबरचा फॉर्म (शाळा सुटलेल्यानं बाहेरून दहावीला बसायचा), बस पास, अचानक लागणारं काहीबाही यासाठी ६० हजारांचा फंड. सुरुवातीची आणि शेवटची चाचणी ३० हजार, हिशोब आणि ऑडिट ४० हजार. बेरीज ९ लाख ७७ हजार, पोरामागे वर्षाला साधारण १६ हजार ३००. तुमच्या १२ लाखांपेक्षा कमीच झालं आणि टॅब एकही नाही.

यात निम्म्याहून जास्त पैसे पगारात जातात, ते लपवू नका, पगाराला 'कार्यक्रम खर्च' असं गोल नाव देऊन टाकायचा सल्ला देणारे भेटतील. उलट पगाराच्या ओळीसमोर लिहा की ही व्यक्ती दर आठवड्याला २० मेंटॉरशी बोलते, महिन्याला दोन शाळांत जाते, नोंदी ठेवते. एक गैरसमज इथंच काढून टाकते, 'सीएसआरमध्ये (म्हणजे कंपन्यांनी कायद्यानं समाजकामावर करायच्या खर्चात) अ‍ॅडमिन खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, तुमच्या संस्थेच्या समन्वयकावर नाही. अर्थात काही कंपन्या स्वतःचे नियम म्हणून संस्थेवरही मर्यादा घालतात, पण तो कायदा नाही आणि त्यावर बोलता येतं.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही कारण तुमचा सीए ते सांगेलच. १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणाऱ्या नोंदण्या), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, आणि सीएसआर-१. हा शेवटचा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झाला, त्याचा नंबर नसेल तर कंपनीला कितीही वाटलं तरी ती सीएसआरचे पैसे तुम्हाला देऊ शकत नाही. तुमच्यासारख्या स्वतंत्र संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो, त्यामुळं २०१७ पासूनचे उन्हाळी वर्ग, दहावीचे जादा तास, जे काय केलंय त्याचे फोटो, हजेरी, अहवाल एका फाइलला लावा. पण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मी थांबले, 'एक विश्वस्त वारले, बदल अर्ज दाखल आहे'. सर, हे आधी निस्तरा. कंपनीचा माणूस परिशिष्ट-१ चा उतारा (धर्मादायकडची विश्वस्तांची अधिकृत नोंद) मागतो, त्यात वारलेल्या माणसाचं नाव, बँकेत सही दुसऱ्याची, ठरावात तिसराच, आणि फाइल तिथंच अडकते, नकारही येत नाही नुसती शांतता. अर्ज प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि त्या ठरावाची प्रत प्रस्तावासोबतच लावा, विचारायची वाट बघू नका.

आता कुठं मागायचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटींच्या वर आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. लोक या यादीतल्या सगळ्यात मोठ्या नावांच्या मागं लागतात, जिथं रोज ढिगानं प्रस्ताव येतात. तुम्ही त्या ५ कोटीवाल्या कंपन्या शोधा. त्यांचा सीएसआर बऱ्याचदा १०-२० लाखांचा असतो, वेगळा विभाग नसतो, कंपनी सेक्रेटरी नाहीतर एचआरवाला बघतो, आणि मार्च जवळ आला की त्याला खरंच चांगली संस्था हवी असते. नगरची एमआयडीसी तुम्हाला जवळ, मग रांजणगाव, चाकण, वाळूज, शेंद्रा. कायद्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, म्हणून "तुमच्या कारखान्यापासून आमचा तालुका इतका जवळ आणि तुमच्याकडं आमच्या भागातली इतकी पोरं कामाला आहेत" हे वाक्य कामाला येतं. केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर जिल्ह्यानुसार आणि कंपनीनुसार आकडे मिळतात, आणि कंपनीला आपले मंजूर प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात. ते तासभर चाळलं की कळतं कुणाला शिक्षणात रस आहे आणि कोण नुसत्या वॉटर एटीएमवाला आहे.

साखर कारखान्यांचं तुम्ही विचारलंय. मुलं त्यांच्याच फडावर जातात तर त्यांनीच द्यायला नको का, तर नैतिकदृष्ट्या शंभर टक्के हो. पण सहकारी कारखाना कंपनी कायद्याखाली येत नाही, त्यामुळं २ टक्क्यांची सक्ती त्याला लागू नाही, तिथं जे मिळेल ते चेअरमनच्या मर्जीनं. खासगी कारखाना मात्र कंपनी असतो, तो निकषात बसत असेल तर त्याला सीएसआर आहे. आणि त्याला जाऊन पैशाऐवजी वेगळी गोष्ट मागता येते, की तुमच्या गेटजवळ जिथं ऊसतोड्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात तिथं आमच्या मेंटॉरला आठवड्यातून एक दिवस बसायला जागा आणि लाइट द्या. हे पटकन मिळतं आणि मोठ्या प्रस्तावात लिहायलाही दणदणीत दिसतं.

मोठी फाउंडेशन्स, म्हणजे अझीम प्रेमजी फाउंडेशन, एडलगिव्ह वगैरे, ही पहिल्या निधीसाठी नाहीत. दोन वर्षं काम करा, नोंदी ठेवा, मग तिकडं जा. सरकारी अनुदानाच्या मागं तर सुरुवातीला लागूच नका, फाइल फिरवण्यात वर्ष जातं. सरकारकडून तुम्हाला पैसे नकोत, पत्र हवंय. जिल्हा परिषदेच्या शाळा असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचं, नववी-दहावी असेल तर माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं, की या संस्थेला अमुक शाळांत मुलांसोबत काम करायला परवानगी आहे. तुम्ही स्वतः खात्यातून निवृत्त झालात, हे पत्र तुम्हाला जितक्या लवकर मिळेल तितकं पुण्या-मुंबईच्या कुठल्याच संस्थेला मिळणार नाही. आणि हे पत्र जोडलेला प्रस्ताव वर येतो, कारण कंपनीला सगळ्यात जास्त भीती असते ती शाळेनं मधेच दार बंद करण्याची.

तुमच्या न्यू जर्सीच्या भाच्याचाही प्रश्न होता. तो आणि तिथल्या मंडळातले मित्र मिळून पैसे पाठवतो म्हणतात, छानच आहे, पण आधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. पण तो अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेणं म्हणजे गुन्हा. मंडळाच्या खात्यातून आले तरी तेच. एफसीआरए नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेला दाखवावा लागतो, म्हणजे तुम्हाला अजून अवकाश आहे. तोवर भारतीय पासपोर्टवाल्या मित्रांचे पैसे घ्या आणि बाकीच्यांना मेंटॉर व्हायला सांगा. शनिवारी रात्री तिकडून व्हिडिओ कॉलवर गणित शिकवायला काही एफसीआरए लागत नाही.

आता लिहायचं कसं. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद असा आहे: 'बीड जिल्हा हा अतिमागास असून ऊसतोड कामगारांच्या मुलांमध्ये शैक्षणिक गळतीचे प्रमाण चिंताजनक आहे. आजचा विद्यार्थी हा उद्याचा नागरिक असून त्याला योग्य मार्गदर्शनाची नितांत गरज आहे.' यात खोटं काही नाही, पण हे वाक्य गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, गोवंडीच्या प्रस्तावातही तसंच्या तसं बसतं. आणि तुमच्या प्रश्नात, प्रस्तावात नव्हे, तुम्ही सहज लिहून गेलात की तुमच्या शेजारच्या शाळेत गेल्या वर्षी नववीला ५२ पोरं होती, दिवाळीनंतर १४ दिसेनाशी झाली, त्यातली ९ पोरी, आणि पटावर मात्र सगळी ५२ च्या ५२. अहो हाच तुमचा पहिला परिच्छेद! मी असा लिहीन: 'आमच्या दोन शाळांपैकी एकीत गेल्या वर्षी नववीच्या ५२ मुलांपैकी १४ मुलं दिवाळीनंतर वर्गात आली नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांची नावं आजही आहेत. यातल्या ९ मुली आहेत. सातवीनंतर गावातली शाळा संपते, आठवीनंतर शालेय पोषण आहार बंद होतो, आणि ऊसतोडीला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, लागतो म्हणून हंगामाच्या तोंडावर मुलीचं लग्न उरकलं जातं. ही १४ मुलं कोण असतील हे आम्हाला जुलैतच सांगता येतं, आणि म्हणून आम्ही काम जुलैत सुरू करतो.'

जिल्ह्याचा आकडा हवाच असेल तर एकच द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मध्ये बीडमध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं, राज्याचा आकडा २१.९ होता. याच्यावर अजून पाच आकडे रचू नका.

'जुलैतच सांगता येतं' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कसं? इथं तुमचं मुख्याध्यापकपण बाहेर काढा. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मागच्या वर्षीचा कॅटलॉग घेऊन बसा, जानेवारी-फेब्रुवारीची हजेरी काढा, वार्षिकचे गणित-इंग्रजीचे मार्क काढा. मग गावात विचारा, मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ पैसे कुणी घेतले, मोठ्या बहिणीचं लग्न कितव्या वर्षी झालं, घरी थांबायला आजी आहे का. वाचनाची पातळी बघायला 'प्रथम'च्या असर पाहणीतली चाचणी आहे, अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट, पाच मिनिटांत होते. या चार-पाच गोष्टींतल्या तीन लागू झाल्या तर ते पोर यादीत. ही पद्धत अर्ध्या पानात लिहा. मी प्रस्ताव चाळत होते तेव्हा 'गरजू व होतकरू विद्यार्थ्यांची निवड केली जाईल' हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की त्याच्या पुढं वाचायची इच्छाच मरायची. होतकरू पोरं तशीही पास होतात हो, पैसे तुम्ही गळतीच्या उंबरठ्यावरच्या पोरांसाठी मागताय.

परिणामाचे दावे बेताचे ठेवा. '१०० टक्के गळती थांबेल' लिहिलंत तर अनुभवी माणूस तिथंच पेन ठेवतो. तीन गोष्टी मोजा आणि त्याच वर्षभर मोजा: जानेवारी-फेब्रुवारीत पोर प्रत्यक्ष कुठल्यातरी शाळेत बसलंय का (इथली शाळा, हंगामी वसतिगृह किंवा कारखान्याजवळची शाळा, कुठलीही चालेल), पुढच्या जूनला पुढच्या वर्गात आलं का, आणि मेंटॉरसोबतची जोडी वर्षभर टिकली का. पटावरचा आकडा देऊ नका, पोरगं पटावर हजर आणि फडावर पाचट गोळा करतंय हे त्यांनाही माहीत असतं. दहावीत दोन विषय राहिलेल्यांना पुरवणीला बसवलं, एटीकेटीवर अकरावीला लावलं, पार सुटलेल्याला १७ नंबर भरून परत आणलं, हे पण निकालात धरा, मेंटॉरिंगचं खरं काम तिथंच दिसतं. आणि बाहेरच्या संस्थेकडून महागडं इम्पॅक्ट असेसमेंट करून घ्या असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती सक्ती १० कोटींच्या वर सीएसआर असलेल्या कंपन्यांच्या १ कोटीच्या वरच्या प्रकल्पांना आहे, तुमचा ९ लाख ७७ हजारांचा आहे.

मुलांच्या सुरक्षिततेवर तुमच्या प्रस्तावात एक ओळही नाही, आणि हे मला खरंच खटकलं. मेंटॉरिंग म्हणजे अनोळखी तरुण माणूस आणि अल्पवयीन मूल यांची ओळख करून देणं. दिल्ली सरकारनं २०२१ मध्ये 'देश के मेंटॉर' काढला होता, हजारो मुलांना फोनवर मेंटॉर, आणि काही महिन्यांतच राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं सुरक्षिततेवरून तो थांबवायला सांगितलं. कंपन्यांच्या लोकांच्या हे लक्षात आहे. तर एक स्वतंत्र पान जोडा: प्रत्येक मेंटॉरची पोलीस पडताळणी, दोन ओळखीच्यांची शिफारस, पालकांचं मराठीत लिहिलेलं आणि वाचून दाखवलेलं संमतीपत्र, मुलींना ताईच, भेट शाळेत किंवा देवळाच्या ओट्यावर पण बंद खोलीत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर समन्वयकाशिवाय खासगी गप्पा नाहीत, पोरांचे चेहरे फेसबुकला नाहीत. पॉक्सोखालचा गुन्हा कळला तर कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, ते कोण कळवणार त्याचं नाव. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येक मेंटॉरच्या फोनमध्ये. आणि तुमच्याकडं नक्की येणारी वेळ, पोरगी सांगते की माझं लग्न ठरलंय. मेंटॉरनं स्वतः लग्न मोडायला जायचं नाही, त्याला मार बसेल आणि पोरगीचं बोलणं कायमचं बंद होईल. त्यानं समन्वयकाला सांगायचं, समन्वयकानं ग्रामसेवकाला, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, आणि पोरीनं सांगितलं हे कुठंही फुटता कामा नये. हे एवढं लिहिलेलं असलं ना सर, की वाचणाऱ्याला कळतं या माणसांनी हे काम खरंच डोक्यात चालवून बघितलंय.

वेळेचं गणित सगळ्यात जास्त लोकांना नडतं. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचं जून ते एप्रिल, आणि आपल्या पोरांचं वर्ष दसरा-दिवाळी ते गुढीपाडवा, कारण टोळ्या तेव्हा जातात आणि येतात. तुमचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये गेला, समजा नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला आणि पैसे डिसेंबरमध्ये आले, तर पोरं कुठं आहेत? म्हणून प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत टेबलावर हवा, कंपनीच्या संचालक मंडळाचा आराखडा एप्रिल-मेमध्ये ठरतो त्यात बसायला. सोबत 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मागा, म्हणजे सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो आणि मार्चला पैसे संपवायची घाई तुमच्या मानेवर बसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक कुणी फोन करून "पंधरा दिवसांत ८ लाख खर्च करता का" विचारेल, तेव्हा मोह होतो, पण ते पैसे टॅबचेच असतात, मेंटॉरिंगचे नसतात. आणि मंजुरी झाली तरी हप्ते उशिरा येतात, पहिल्या हप्त्याचं यूडीआयएनवालं (सीएच्या सहीचा ओळख क्रमांक असलेलं) उपयोगिता प्रमाणपत्र जाऊन दुसरा यायला कधी कधी तिमाही निघून जाते. समन्वयकाचा निदान तीन महिन्यांचा पगार गावातल्या देणगीदारांकडून उभा करून बाजूला ठेवा, तुमचे जुने विद्यार्थी आहेत की, त्यांना हक्कानं मागा. चेकनं किंवा यूपीआयनं घ्या, २ हजारांच्या वर रोख दिली तर त्यांना ८०जीची सूट मिळत नाही.

कंपनीची मंडळी बघायला आली तर कृपया हार-तुरे, स्वागतगीत आणि ओळीत उभी केलेली पोरं नकोत. मेंटॉरची वही समोर ठेवा. मी एका वहीत वाचलं होतं: 'आज फोन लागला नाही. आज लागला, मागं मोटारीचा आवाज. म्हणाली भाऊ रडतोय, नंतर कर. आज वीस मिनिटं बोललो, अपूर्णांक झाले.' त्या वहीनं जे काम केलं ते कुठल्याही पीपीटीनं केलं नसतं. कंपनीचे कर्मचारी मेंटॉर व्हायला तयार असतील तर घ्या, पण त्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही हे आधीच बोलून घ्या, आणि वर्षभराची कमिटमेंट नसेल तर त्यांना जोडी देऊ नका, करिअरवर एखादं सत्र द्या.

राहिला तो १० टक्केवाला. नाही. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरावीक फी देणं वेगळं, ती मीही घेते, पण आलेल्या निधीतून टक्केवारी द्यायची तर ती बजेटमध्ये कुठल्या ओळीत दाखवणार? दाखवता येत नाही म्हणजे खोटी बिलं आली, आणि त्यावर सही तुमची असणार. असली माणसं आधी 'फाइल चार्ज' म्हणून २०-२५ हजार मागतात, किंवा मग म्हणतात कंपनी ५० लाख देईल, ३० लाख रोख परत करा. दुसऱ्या प्रकारात संस्थेची नोंदणी तर जातेच, वर फौजदारी मागं लागते. त्याला संस्थेचं पॅन, लेटरहेड किंवा कोऱ्या कागदावर सही असं काही आधीच दिलं असेल तर आजच लेखी पत्र देऊन परत मागा, पत्राची पोच घ्या, आणि बँकेतही सांगून ठेवा की विश्वस्तांच्या ठरावाशिवाय संस्थेच्या नावानं नवीन खातं उघडायचं नाही.